धावणाऱ्याच्या पाठीशी टेम्पो

फेब्रुवारी संपत आला की आमच्या कळंबोलीच्या विहारात बैठक बसते. यंदा ज्योत कुठून आणायची, धावणारे किती, टेम्पो कोणाचा, टी-शर्टचा रंग कोणता, स्पीकर लावायचा की नाही, अशी चर्चा रात्री अकरापर्यंत चालते. एक प्रश्न मात्र या बैठकीत आम्ही कधी विचारला नव्हता. वाटेत धावणाऱ्याला काही झाले, तर टेम्पोतली माणसे काय करणार?

गेल्या वर्षी तो प्रश्न रस्त्यानेच आम्हाला विचारला. महाडहून ज्योत घेऊन आमची मुले निघाली होती. नागोठण्याच्या अलीकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते. एकोणीस वर्षांचा एक मुलगा आपला टप्पा संपला तरी ज्योत सोडेना. ‘अजून थोडे’ म्हणत धावतच राहिला. आमचा टेम्पो त्या वेळी चार किलोमीटर पुढे चहाच्या टपरीवर उभा होता. मुलाची पावले वाकडी पडू लागली, तो काहीतरी असंबद्ध बोलला आणि रस्त्याकडेला कोसळला. शेजारी कलिंगडे विकणाऱ्या एका ताईंनी त्याला आपल्या मांडवाच्या सावलीत ओढून घेतले आणि हंडाभर पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतले. आम्ही पोहोचलो तेव्हा तो डोळे उघडत होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, “त्या बाईंनी पाणी ओतले म्हणून वाचला.”

चूक मुलाची नव्हती, आमची होती. मिरवणुकीला न्यावा तसा आम्ही टेम्पो नेला होता. तो धावणाऱ्याचे फिरते घर आणि फिरता दवाखाना असायला हवा होता. त्यानंतर वर्षभर डॉक्टरांना, धावपटूंना आणि वस्तीतल्या अनुभवी ड्रायव्हर मंडळींना विचारून आम्ही जे शिकलो, ते या पानावर मांडत आहोत.

एक व्हॅन आणि एक मित्र

धावणाऱ्यासोबत गाडी कशी असावी याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण कॅनडातले आहे. टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसा जमवायचा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कृत्रिम पायावर देश ओलांडायला सुरुवात केली. रोज जवळपास एक मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर, तो धावत असे. डग ऑलवर्ड हा त्याचा मित्र व्हॅन चालवायचा. तो साधारण मैलभर पुढे जाऊन थांबे आणि पाणी घेऊन वाट पाही. स्वयंपाकही तोच करी. रात्रीची झोपही बऱ्याचदा त्याच व्हॅनमध्ये होई. शेते, गावे, जंगले ओलांडत १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. मग छातीत दुखू लागले, खोकला थांबेना, आणि टेरीने मित्राला दवाखान्यात न्यायला सांगितले. कॅन्सर फुप्फुसांत पोहोचला होता. २८ जून १९८१ रोजी बाविसाव्या वर्षी तो गेला. आज अनेक देशांत त्याच्या नावाने लोक धावतात.

या कहाणीतली एक गोष्ट आमच्या कामाची आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दोन्ही मित्रांचे इतके बिनसले की एकमेकांशी बोलणे बंद झाले. शेवटी टेरीच्या आईवडिलांना तिथे यावे लागले. थकवा, ऊन, झोपमोड आणि लहानशा गाडीत रात्रंदिवस एकत्र राहणे यामुळे जिवलगांचेही भांडण होते. म्हणून कोणाचे काम कोणते आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

आपल्या देशातही सुफिया खान या धावपटूने २०१९ मध्ये काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर ८७ दिवसांत पार केले. पुढे दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा सुवर्ण चतुष्कोन, म्हणजे ६,००२ किलोमीटर, तिने ११० दिवसांत धावून पूर्ण केला. बातमीत धावणारा एकटा दिसतो. त्याच्या मागेपुढे गाडीतली दोन-तीन माणसे असतात. त्यांचे डोळे, हात आणि शहाणपण नसेल तर ते अंतर पुरे होत नाही.

ऊन शरीरात काय करते?

धावताना स्नायू उष्णता तयार करतात. घाम सुकतो तेव्हा शरीर थंड होते. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो सुकायला हवा. आपल्या रायगड पट्ट्यात मार्च-एप्रिलला हवा दमट असते, घाम अंगावरच राहतो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून घाटावर जो मुलगा दहा किलोमीटर सहज धावतो, तोच इथे पाच किलोमीटरमध्ये गळून जातो.

उन्हाने काय होते हे आपण कळंबोलीकरांना वेगळे सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्या खारघरला उघड्या मैदानावरच्या पुरस्कार सोहळ्यात उन्हाने १४ जणांचा जीव गेला. ती माणसे धावतही नव्हती, बसलेली होती. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात तरुण उमेदवारांचे मृत्यू झाले आणि पुढे ते अंतर कमी करावे लागले. आपल्या इथल्या पोलीस मुख्यालयातल्या भरतीचे स्वप्न पाहत रोज पहाटे धावणारी मुले आपल्या घरोघरी आहेत. म्हणून हा लेख फक्त ज्योतीपुरता नाही.

उन्हाच्या त्रासाच्या पायऱ्या ओळखाव्यात. आधी पोटऱ्यांत गोळे येतात. मग डोके दुखते, मळमळते, गरगरते. इथे थांबवले, सावलीत नेले, पाणी दिले तर बहुतेक जण सुधारतात. तिसरी पायरी उष्माघाताची. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो, कधी झटके येतात. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ हा समज चुकीचा आहे. धावणाऱ्याला उष्माघातातही भरपूर घाम येऊ शकतो. खरी खूण मेंदूची. नाव, गाव, आजचा वार विचारा. उत्तर चुकले की धावणे संपले.

आधी थंड करा, मग हलवा

उष्माघातात पहिला अर्धा तास सर्वात मोलाचा. लगेच १०८ ला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. टेम्पोतली ताडपत्री सावलीत पसरावी आणि रुग्णाला तिच्यावर निजवावे. बूट आणि जास्तीचे कपडे काढावेत. चौघांनी ताडपत्रीच्या कडा उचलून धरल्या की तिची झोळी होते. त्या झोळीत बर्फ आणि पाणी ओतावे आणि पाणी हलवत राहावे. डोके वर आणि तोंड मोकळे राहील याकडे एकाने सतत लक्ष द्यावे. बर्फ नसेल तर साधे पाणी सारखे ओतत पुठ्ठ्याने जोरात वारा घालावा. नुसती कपाळावर ओली घडी ठेवून भागत नाही, सगळे अंग भिजले पाहिजे.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू सरबत, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कांदा नाकाशी धरणे, पाय चोळत बसणे यात वेळ घालवू नये. शुद्धीवर आला तरी डॉक्टरांना दाखवावेच, कारण मूत्रपिंड आणि यकृताला झालेली इजा नंतर दिसते. दोन दिवसांत लघवी गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

पाणी किती आणि कसले?

उन्हात धावणाऱ्याला तासाला लिटर-दीड लिटर घाम येऊ शकतो. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. ढोबळ माप असे की तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट-घोट करून द्यावे आणि धावणाऱ्याच्या तहानेकडे लक्ष ठेवावे. एकदम दोन बाटल्या ढोसू देऊ नयेत. नुसते पाणी फार प्यायल्याने रक्तातले मीठ पातळ होते. त्यातही उलटी, डोकेदुखी, गोंधळ, झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. म्हणून लांबच्या धावण्यात पाण्यासोबत मीठ-साखरही पोटात गेली पाहिजे.

यासाठी ओआरएसची पुडी उत्तम. मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण घालावी. अर्ध्या पाण्यात घट्ट करू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. वर लिंबू पिळावे. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. ताक, पेज, नारळपाणीही चालते. बाजारातली ‘ताकद देणारी’ रंगीत पेये टाळावीत, त्यात कॅफिन असते.

एक सोपी परीक्षा सरावात करून बघावी. धावण्याआधी आणि धावल्यावर कोरड्या कपड्यांत वजन करावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर पाणी कमी पडले. वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा.

टेम्पोचे घर कसे करावे?

लोखंड बाजारामुळे आमच्या वस्तीत टेम्पो-ट्रक चालवणारे भरपूर. मोटारहोम नावाची परदेशी चैन आपल्याला परवडणार नाही, पण छोटा हत्ती चांगले फिरते घर होऊ शकतो. मात्र मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवून नेणे कायद्यात बसत नाही आणि जिवालाही धोक्याचे आहे. म्हणून चालत्या टेम्पोत सामान, आणि मुलांसाठी वेगळी प्रवासी गाडी. टेम्पो उभा राहिला की मगच त्याचे घर होते.

हौद्यावर ताडपत्रीचे छत, खाली गादी आणि धुतलेली चादर. वीस लिटरचे पिण्याच्या पाण्याचे चार जार, आणि अंगावर ओतायच्या पाण्याचे वेगळे पिंप. थर्माकोलच्या पेटीत बर्फ. दोन बादल्या, मग, टॉवेल, जादा ताडपत्री. ओआरएस, साखर, मीठ, लिंबे, केळी, गूळ-शेंगदाणे. प्रथमोपचाराची पेटी, थर्मामीटर, जादा मोजे, बूट, टोप्या. चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे, टॉर्च. कचऱ्यासाठी गोणी. दर्शनी जागी एक पुठ्ठा लावावा. त्यावर प्रत्येक धावणाऱ्याचे नाव, वय, घरचा फोन, रक्तगट आणि चालू औषधे लिहावीत. वाटेतल्या सरकारी रुग्णालयांची नावेही त्यावरच असावीत.

महाड ते कळंबोली हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. लोणेरे, माणगाव, इंदापूर, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण, कर्नाळा, पळस्पे असा रस्ता. मधल्या मोठ्या गावांत उपचार मिळतात, पण त्यांच्यामधल्या भातखाचरांच्या पट्ट्यात सावलीसुद्धा नसते. मार्चला भात कापून झालेले, कुठे वाल काढलेले, मैलोन्मैल उघडे रान. म्हणून टेम्पोने दोन किलोमीटरपेक्षा पुढे जाऊ नये. पुढे जाऊन रस्त्याच्या पूर्ण बाहेर, शक्यतो झाडाखाली, इंडिकेटर चालू ठेवून उभे राहावे. धावणारा आला की त्याचा चेहरा पाहावा, एक प्रश्न विचारावा, पाणी द्यावे, डोक्यावर पाणी ओतावे आणि मगच पुढच्या झाडाकडे निघावे. धावणाऱ्यासोबत एक सायकलवाला सतत असावा. त्याच्याकडे फोन, शिटी आणि पाण्याची बाटली.

महामार्गावर अवजड गाड्या वेगात असतात. ज्या बाजूने समोरची वाहने दिसतात त्या कडेने, डांबराच्या बाहेर धावावे. अंधारात धावणे टाळावे. निघण्यापूर्वी वाटेतल्या पोलीस ठाण्यांना पत्र द्यावे. पुण्याकडून ज्योत आणणाऱ्यांनी द्रुतगती मार्गावर पाऊलही ठेवू नये. तिथे पायी चालण्याला बंदी आहे, जुना महामार्गच धरावा.

आणखी एक माणूस आपण नेहमी विसरतो, तो म्हणजे ड्रायव्हर. रात्रभर गाणी, पहाटे प्रवास आणि दिवसभर पहिल्या गिअरमध्ये गाडी. डुलकी लागायला क्षण पुरतो. दोन ड्रायव्हर ठेवावेत, आणि गाडी चालवणाऱ्याने दारूला शिवू नये. पंचशील पाळणाऱ्या घरांना हे सांगावे लागू नये, पण बैठकीत सांगितलेले बरे.

कोणी धावू नये?

ताप, जुलाब, खोकला असेल, आदल्या रात्री झोप नसेल किंवा दारू घेतली असेल तर त्या दिवशी धावू नये. धावताना कधी चक्कर येऊन पडला असेल, छातीत दुखत असेल, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे. लहान मुलांना कौतुकाने लांब धावायला लावू नये. त्यांनी वस्तीच्या तोंडाशी ज्योतीचे स्वागत करावे.

एक गोष्ट आपल्या समाजात मोकळेपणाने बोलली पाहिजे. विदर्भातून आलेल्या अनेक बौद्ध कुटुंबांत सिकलसेल आढळतो. ज्याला हा आजार आहे त्याला त्रास होत असल्याने माहीत असते. पण वाहक असलेला मुलगा धडधाकट दिसतो, त्याला स्वतःलाही माहीत नसते. वाहकाने रोजचे जगणे, खेळणे यात काही अडत नाही. मात्र कडक उन्हात, पाणी कमी पडले असताना, ताकदीबाहेर धावल्यास वाहकही अचानक कोसळू शकतो. रक्ताची साधी चाचणी सरकारी रुग्णालयात होते. ती एकदा करून घ्यावी. वाहकाला धावण्यापासून हाकलू नये. त्याचे टप्पे लहान ठेवावेत, सावलीत जास्त थांबा द्यावा. मुलींचे हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

मुली आता ज्योत घेऊन धावतात याचा आम्हाला अभिमान आहे. पण टेम्पोत एकही बाई नसते आणि मग मुली लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. हे उष्माघाताला आमंत्रण आहे. सोबत दोन ताई असाव्यात, पेटीत सॅनिटरी पॅड असावेत, पेट्रोल पंपावरचे थांबे आधी ठरवावेत आणि आडोशाला चादर असावी.

पाय, पोट आणि वेळ

नवीन बूट घालून मोठा पल्ला धावू नये. पाय सुजतात, म्हणून बूट बोटभर मोकळा असावा. मांड्या, काखा, बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. ओले मोजे लगेच बदलावेत. फोड आला तर वरची कातडी सोलू नये. धुऊन, कोरडे करून, पट्टी लावावी. अनवाणी डांबरावर धावण्याचा नवस तर नकोच.

निघण्याआधी दोन तास पोहे, उपमा किंवा चहा-चपाती. वाटेत केळे, चिक्की. दिवस संपल्यावर वरणभात, दही, अंडे. वडापाव-भजी मुक्कामाला पोहोचल्यावर. अंग दुखते म्हणून धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेऊ नये. पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला अपाय करते.

पहाट फुटल्यावर निघावे, साडेनऊला थांबावे. साडेचारनंतर पुन्हा निघावे. मधले सात तास टेम्पो सावलीत आणि मुले आडवी. प्रत्येकाचा टप्पा दोन ते तीन किलोमीटर. एका दिवसात होत नसेल तर दोन दिवस घ्यावेत. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, म्हणून दोन आठवडे आधीपासून रोज थोडे-थोडे धावावे.

शेवटचा शब्द टेम्पोचा

या साऱ्याहून महत्त्वाचा नियम आम्ही यंदा विहारात सर्वांसमोर ठरवला. धावणाऱ्याला ‘थांब’ म्हणायचा अधिकार टेम्पोतल्या एकाच माणसाचा. त्याने थांब म्हटले की थांबायचे. वाद मुक्कामाला गेल्यावर. धावणाऱ्याच्या अंगात जोश असतो, त्यामुळे आपली हद्द त्याला दिसत नाही. आपल्या मुलाने अर्ध्यावर ज्योत दुसऱ्याच्या हाती दिली तर त्यात कमीपणा नाही. ज्योत तशीच तर पुढे जाते.

वाटेत शेतात घाण करू नये, कचरा गोणीत भरून आणावा, विहिरीवर किंवा बोअरवर विचारून पाणी घ्यावे. गेल्या वर्षी त्या कलिंगडवाल्या ताईंनी आमची जात विचारली नाही, गाव विचारले नाही. आधी हंडा रिकामा केला. नंतर आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “पाणीच तर दिलं, त्यात काय?”

१९२७ साली २० मार्चला बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हे जगाला सांगितले. त्याच तळ्याहून निघालेला आपला मुलगा पाण्यावाचून रस्त्यात पडू नये, एवढी जबाबदारी टेम्पोत बसलेल्या आपल्यावर आहे. यंदा आमचा टेम्पो चहाला थांबणार नाही. चहाचा थर्मास आम्ही घरूनच भरून नेणार आहोत.